मिनेसोटाच्या तळ्यांच्या रानातला वसंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, डुलूथला राहते. गेली बरीच वर्षं मार्चअखेरपासून जूनपर्यंत जमेल तेव्हा उत्तरेला, ईली गाव आणि गनफ्लिंट ट्रेल या रानातून जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला जाते. तिथून फोटो आणि आवाज पाठवले की प्रश्न येतात. काही मिनियापोलिसच्या मराठी मित्रमंडळींचे असतात, काही पुण्या-साताऱ्याच्या पक्षीनिरीक्षकांचे, काही मुलांकडे महिना-दोन महिने राहायला येणाऱ्या आई-वडिलांचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि किचकट नंतर.

१. बाउंडरी वॉटर्स म्हणजे नक्की कुठे? ते एक तळं आहे की अनेक?

अनेक. मिनेसोटाच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून, सुपिरिअर राष्ट्रीय वनाच्या आत सुमारे ११ लाख एकरांचं हे राखीव रान आहे. त्यात हजाराहून जास्त तळी आहेत. हिमयुगातल्या हिमनद्यांनी इथला खडक खरवडून काढला आणि त्या खळग्यांत पाणी साठलं. १९६४ च्या कायद्याने या रानाला संरक्षण मिळालं आणि १९७८ मध्ये त्याच्यासाठी वेगळा कायदा झाला. बहुतेक तळ्यांवर मोटरबोटीला बंदी आहे. कनू ही हलकी, निमुळती होडी वल्हवत जायचं आणि तळं संपलं की ती खांद्यावर घेऊन पायवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. या पायवाटेला पोर्टेज म्हणतात. सीमेपलीकडे कॅनडाचं क्वेटिको उद्यान आहे, पश्चिमेला व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यान. जवळची गावं ईली आणि ग्रँड मरे. मिनियापोलिसहून गाडीने चार-साडेचार तास लागतात.

२. तिथे वसंत कधी सुरू होतो? २० मार्चलाच ना?

कॅलेंडरवर तेव्हाच. पण आपल्याकडे गुढीपाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं हातात असतात, तेव्हा तिथल्या तळ्यांवर दोन-अडीच फूट जाडीचा बर्फ असतो आणि त्यावरून माणसं चालत जातात. ईलीजवळच्या टॉवर गावी २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. एवढा गोठलेला मुलूख एका दिवसात सुटत नाही.

म्हणून मी तिथला वसंत तारखेने मोजत नाही, क्रमाने मोजते. मेपलच्या झाडांत रस चढतो. कावळे परततात. ओढ्यांची तोंडं मोकळी होतात. बेडूक ओरडू लागतात. मग तळ्यावरचा बर्फ जातो आणि लून हा पाणपक्षी उतरतो. त्यानंतर पालवी, शेवटी डास. तारखा दर वर्षी मागेपुढे होतात, क्रम सहसा चुकत नाही.

दुसरी गोष्ट, जी फोटोंमधून कधीच कळत नाही: प्राण्यांसाठी एप्रिल हा वर्षातला सगळ्यात उपाशी महिना असू शकतो. अंगातली चरबी संपलेली असते आणि नवीन हिरवं काही उगवलेलं नसतं. पुढची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीशी येऊन जुळतात.

३. 'आइस-आउट' हा शब्द सारखा ऐकू येतो. म्हणजे काय?

तळ्यावरचा बर्फ जाण्याचा दिवस. व्याख्या जागोजागी बदलते. कुणी म्हणतं, या काठावरून त्या काठाला बोट जाऊ शकली की झालं. कुणी म्हणतं, पृष्ठभागावर बर्फाचा तुकडाही दिसता कामा नये. अनेक ठिकाणी एकच माणूस किंवा एकच कुटुंब वर्षानुवर्षं त्याच खिडकीतून तेच तळं पाहून तारीख लिहून ठेवतं, आणि मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग अशा स्वयंसेवकांच्या नोंदी गोळा करतो. मला या वह्यांचं फार अप्रूप आहे. आपल्याकडे मिरगाचा पहिला पाऊस कधी पडला हे शेतकरी सांगतात, तशीच ही आठवण.

ईली आणि गनफ्लिंटच्या बाजूला ही तारीख साधारण एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा अशी असते. लहान, उथळ तळी आधी मोकळी होतात आणि खोल, मोठी तळी मागून.

४. वितळताना बर्फ तळाशी बुडतो, हे खरं आहे का? काल काळा दिसत होता आणि आज गायब!

बुडत नाही. बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो, तो तरंगतच वितळतो. हा समज पसरायला कारण आहे ते त्या गायब होण्याच्या वेगाचं.

आधी वरचं हिम वितळतं आणि काठाला पाण्याची पट्टी तयार होते. सूर्यकिरण आत शिरून बर्फाच्या स्फटिकांमधले सांधे वितळवतात, म्हणून पांढरा थर करडा आणि मग काळपट दिसू लागतो. आतून तो उभ्या कांड्यांमध्ये सुटलेला असतो, मेणबत्त्या एकमेकींना चिकटवून ठेवल्यासारखा. तिथले लोक त्याला कँडल आइस म्हणतात. जाडी फूटभर दिसली तरी त्यात ताकद उरलेली नसते. एक दिवस जोराचा वारा सुटतो, तो सगळा थर काठावर लोटतो आणि कांड्या मोडून पडताना काचेच्या बांगड्यांसारखा किणकिणाट होतो. तो आवाज मी तासभर बसून ऐकला आहे. संध्याकाळपर्यंत तळं निळं.

यानंतर पाण्याच्या आत आणखी एक गोष्ट घडते. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. वरचं थंड पाणी तापत ४ अंशांपर्यंत आलं की वरचं आणि खालचं पाणी सारख्याच वजनाचं होतं आणि वाऱ्याने तळं वरपासून खालपर्यंत घुसळलं जातं. हिवाळाभर बर्फाखाली कोंडलेल्या खोल पाण्याला पुन्हा प्राणवायू मिळतो.

५. अगदी पहिली खूण कोणती? मार्चमध्ये गेलो तर काही दिसेल का?

दिसेल, आणि ऐकू तर नक्की येईल. मार्चमध्ये कावळे परततात. हिवाळाभर ज्यांना तिथे कावळा दिसत नाही, त्यांना त्याची काव-काव गोड वाटते. बाल्ड ईगल जुन्या घरट्यांवर नव्या फांद्या रचू लागतात. रात्री सॉ-व्हेट नावाचं मुठीएवढं घुबड एकसुरी शीळ घालत राहतं. ओढ्याकाठच्या विलोच्या फांद्यांवर मऊ राखाडी गोंडे येतात.

आणि जे कधी गेलेच नव्हते त्यांच्याकडेही पाहा. 'कॅनडा जे' नावाचा राखाडी पक्षी मार्चमध्ये, सगळीकडे हिम असताना अंडी घालतो. उन्हाळ्यात आणि शरदात झाडांच्या सालींखाली चिकटवून ठेवलेल्या खाण्यावर तो हे निभावतो. परतणाऱ्यांचं कौतुक होतं, थांबलेल्यांचं राहून जातं.

६. लून पक्ष्याचं एवढं कौतुक का? तो केव्हा येतो?

लून हा १९६१ पासून मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे. अलास्का सोडलं तर अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त लून इथे आहेत, सुमारे १२,००० प्रौढ पक्षी. काळं डोकं, लाल डोळा, पाठीवर पांढऱ्या चौकटींची नक्षी. वजन चार-पाच किलोंपर्यंत. बहुतेक पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, याची बरीचशी भरीव, म्हणून तो खोल बुडी मारू शकतो. पाय शरीराच्या अगदी मागे असल्याने जमिनीवर मात्र त्याला नीट चालता येत नाही.

मिनेसोटाचे लून हिवाळ्यात मेक्सिकोच्या आखातात आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा त्यांचा रंग साधा करडा होतो. परत येताना ते थेट आपल्या तळ्यावर उतरत नाहीत. दक्षिणेकडची मोकळी पाणी, नद्यांची पात्रं असं थांबत थांबत येतात आणि पुढे फेऱ्या मारून बर्फ गेला का पाहतात. त्यामुळे आइस-आउटनंतर एक-दोन दिवसांत, कधी त्याच दिवशी, लून हजर असतो. आधी बहुधा नर येतात.

एवढी घाई का करतात, याचं उत्तर त्यांच्या पंखांत आहे. जड शरीर आणि आखूड पंख, त्यामुळे उडायला पाण्यावरून लांबलचक धाव घ्यावी लागते, वारा नसेल तर शेकडो मीटर. अर्धवट गोठलेल्या तळ्यात उतरला तर अडकेल. आणि उशीर केला तर जागा दुसऱ्याने घेतलेली असेल (प्रश्न ८). या दोन धोक्यांच्या मधल्या फटीतून तो दर वर्षी अचूक येतो. मे महिन्यात पहाटे धुक्यातून त्याचा पहिला आवाज येतो तेव्हा माझे हात वल्ह्यावरच थांबतात.

७. रात्री तळ्यावर कुणीतरी वेड्यासारखं हसत होतं. तो लूनच का?

तोच. त्याचे मुख्य चार आवाज आहेत. लांब, वर चढत जाणारा, लांडग्याच्या विव्हळण्याशी गल्लत होणारा आवाज म्हणजे जोडीदाराला किंवा शेजाऱ्याला 'मी इथे आहे, तू कुठे?' अशी साद. थरथरतं हसू हे घाबरल्याचं लक्षण आहे. तुमची कनू जवळ गेल्यावर तो 'हसू' लागला तर मागे फिरा. तिसरी गुंतागुंतीची, उंच-खाली होणारी आरोळी फक्त नर देतो. ती हद्दीची घोषणा असते आणि प्रत्येक नराची थोडी वेगळी. चौथा हलकासा 'हू', घरातल्या घरात बोलल्यासारखा. तो ऐकायला फार जवळ असावं लागतं आणि तेवढं जवळ जाऊ नये.

इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांच्या भाषेत लूनला 'मांग' म्हणतात, आणि त्यांच्यात लूनच्या नावाचं एक कूळही आहे.

८. दर वर्षी तीच जोडी येते ना? जन्मभराची साथ असते असं वाचलंय.

हा समज गोड आहे, पण पुरता खरा नाही. लूनची निष्ठा जोडीदारापेक्षा तळ्याशी जास्त असते. नर आणि मादी हिवाळ्यात एकत्र नसतात. दोघं त्याच तळ्यावर परततात म्हणून पुन्हा जोडी जमते. मधल्या काळात एखाद्या तगड्या नराने जागा बळकावली तर मादी बहुधा त्या नव्या नराबरोबर राहते. मादीचीही अशीच हकालपट्टी होऊ शकते. नरांच्या या लढती कधी कधी एकाच्या मृत्यूने संपतात.

पिल्लांबद्दलही विचारलं जातं. शरदात समुद्राकडे गेलेली पिल्लं पुढच्या वसंतात परत येत नाहीत. साधारण तीन वर्षं ती समुद्रावरच काढतात.

९. उजनीवरून फाल्गुनात जाणारी बदकं तिकडे येतात का?

नाही. उजनी, जायकवाडी, नांदूर मधमेश्वर इथले हिवाळी पाहुणे मध्य आशियाच्या हवाईमार्गाने सायबेरिया, मंगोलिया, तिबेटकडे जातात. मिनेसोटाचे पक्षी मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातून येतात, दक्षिण अमेरिका, मध्य अमेरिका आणि आखाती किनाऱ्यावरून. दोन्हींची गाठ पडत नाही.

पण जाती काही समान आहेत. उजनीवर दिसणारं तलवार बदक आणि थापट्या उत्तर अमेरिकेतही असतात. मासे पकडणारा ऑस्प्रे दोन्हीकडे, भिंगरीही दोन्हीकडे. एका मेमध्ये ईलीजवळच्या एका लाकडी धक्क्याखाली भिंगरी घरटं बांधताना पाहिली, आणि माहेरच्या अंगणातल्या तारेवर ओळीने बसणाऱ्या भिंगऱ्या आठवल्या. जात तीच, पक्षी वेगळे.

१०. बेडूक हिवाळ्यात गोठून दगड होतो आणि पुन्हा जिवंत होतो, ही खरी गोष्ट आहे?

वुड फ्रॉगच्या बाबतीत खरी. हा बेडूक जंगलात पालापाचोळ्याखाली हिवाळा काढतो. त्याच्या शरीरातलं साधारण दोन तृतीयांश पाणी गोठतं, हृदय थांबतं, श्वास थांबतो. यकृतातून सुटलेली साखर पेशींच्या आत भरते आणि पेशी फुटू देत नाही. एप्रिलमध्ये तो आतून बाहेर असा वितळतो आणि थोड्याच दिवसांत वितळलेल्या हिमाच्या डबक्यात जाऊन ओरडू लागतो. आवाज बदकांच्या कळपासारखा, म्हणून नवखे लोक बदकं शोधत राहतात. त्याच सुमारास स्प्रिंग पीपर हा इंचभर लांबीचा बेडूक सुरू होतो. शेकडो एकत्र ओरडले की मैलभर अंतरावर घुंगरं वाजल्यासारखं वाटतं.

घाई याचीही आहे. ही डबकी उन्हाळ्यात आटतात. त्याआधी अंडी, पिल्लं, शेपटी जिरणं, सगळं उरकायचं असतं.

११. जंगलात लांब कुठेतरी शेतावरचं इंजिन सुरू होतं आणि बंद पडतं असा आवाज आला. तिथे तर मोटरला बंदी आहे!

तो रफ्ड ग्राउज, कोंबडीएवढा रानपक्षी. नर पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंख हवेत फडकावतो. आधी सावकाश ठक, ठक, मग वेग वाढत घरघर. आवाज इतका खर्जातला की कानापेक्षा छातीत आधी जाणवतो. एप्रिल-मे, पहाटे.

१२. अस्वलं कधी बाहेर पडतात? वसंतात ती जास्त चिडकी असतात का?

इथे काळं अस्वल आहे, आणि ते मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत बाहेर येतं. माद्यांची पिल्लं जानेवारीत, गुहेतच जन्मलेली असतात. महिनोन्‌महिने काही न खाता-पिता ती आई पिल्लांना दूध पाजते.

चिडकी नसतात, भुकेली असतात. बाहेर आल्यावर काही दिवस सुस्त असतात, मग अॅस्पेनचे गोंडे, ओलसर जागचं कोवळं गवत, नंतर मुंग्या असं खाऊ लागतात. बेरी पिकायला अजून दोन-तीन महिने असतात. म्हणून धोका असतो तो तुमच्या खाण्याच्या पिशवीला. अन्न अस्वल-रोधक डब्यात ठेवा, किंवा झाडावर उंच आणि खोडापासून लांब टांगा. थालीपिठाच्या भाजणीचा आणि चिवड्याचा वास आपल्याला घरगुती वाटतो, अस्वलाला तो खूप लांबून येतो. टूथपेस्ट आणि साबणही त्याच पिशवीत.

१३. मूस दिसेल का?

शक्यता आहे, खात्री नाही. मूस म्हणजे हरणांच्या कुळातलं सगळ्यात मोठं जनावर. वसंतात मूस रस्त्याच्या कडेला येतात, कारण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ कडेच्या डबक्यांत उतरलेलं असतं. गनफ्लिंट ट्रेलवर पहाटे आणि तिन्हीसांजेला गाडी सावकाश चालवा. एप्रिल-मेमधला मूस पाहून लोक हळहळतात. अंगावरचे केस झडलेले, बरगड्या दिसणाऱ्या. बऱ्याचदा हे हिवाळी गोचिडांमुळे होतं. एका मूसवर त्या हजारोंनी असतात आणि तो खाजवून खाजवून केस घालवतो.

संख्या खूप घटली आहे. २००६ मध्ये ईशान्य मिनेसोटात अंदाजे ८,८०० मूस होते. अलीकडच्या वर्षांत ती संख्या निम्म्याहून खाली आहे. गोचिड्या, हरणांमार्फत येणारा मेंदूतला जंत, आणि मूसच्या पिल्लांवर होणारे लांडग्यांचे आणि अस्वलांचे हल्ले, अशी कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. हिवाळे सौम्य झाले की हरणं उत्तरेला सरकतात आणि गोचिड्याही जास्त जगतात. मला या रानातली सगळ्यात मोठी काळजी हीच वाटते.

माद्या मेच्या मध्याला वितात, बऱ्याचदा बेटावर किंवा तळ्यात घुसलेल्या भूशिरावर, म्हणजे निदान एका बाजूने तरी शिकारी येणार नाही. मेअखेरीस छोट्या बेटावर तंबू ठोकण्याआधी एकदा फेरी मारून पाहा. पिल्लासोबतची मूस अस्वलापेक्षा जास्त धोकादायक असते.

१४. आणि लांडगे?

दिसणं दुर्मीळ, ऐकू येणं शक्य. पिल्लं एप्रिल-मेमध्ये बिळात जन्मतात, त्यामुळे कळप एका जागी बांधलेला असतो. बर्फ सुटल्यावर बीव्हर किनाऱ्यावर येऊ लागतात आणि लांडग्यांना ते खाद्य मिळतं. अलास्का सोडून बाकीच्या अमेरिकेत लांडगे जवळजवळ सगळीकडून संपवले गेले, तेव्हाही मिनेसोटाच्या या कोपऱ्यात ते टिकून राहिले. ईलीला लांडग्यांवरचं एक केंद्र आहे, मुलांना घेऊन जा.

१५. पालवी कधी फुटते? मेच्या सुरुवातीला गेलो तर सगळं करडंच होतं.

बरोबर आहे. साधारण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात अॅस्पेन आणि बर्च हिरवे होतात, आठ-दहा दिवसांत सगळा डोंगर पोपटी. टॅमरॅक हे सूचिपर्णी झाड शरदात सुया गाळतं, त्यामुळे मेच्या सुरुवातीला ते वठल्यासारखं दिसतं. वठलेलं नसतं. दलदलीत मार्श मॅरिगोल्डची पिवळी फुलं त्याआधीच येतात.

मधल्या रित्या आठवड्यांत कोण काय खातं हे पाहणं मला सगळ्यात आवडतं. सॅपसकर नावाचा सुतार बर्चच्या सालीत ओळीने भोकं पाडतो आणि झिरपणारा रस पितो. मेच्या मध्याला तीन ग्रॅमचा हमिंगबर्ड येतो, तेव्हा फुलं नसतात. तो सुताराच्या या भोकांवर येऊन रस आणि त्यात अडकलेले कीटक खातो. सुताराने आधी भोकं पाडली नसती तर हमिंगबर्डला एवढ्या लवकर येणं अवघड गेलं असतं.

१६. मेपल सिरप वसंतातच का काढतात?

कारण रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर तापमान, असा खेळ असेल तरच झाडातला रस वाहतो. साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप होतं. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना तो वाफेचा वास ओळखीचा वाटेल. हा मुलूख ओजिब्वे लोकांचा आहे. १८५४ च्या तहात जमीन गेली, पण तिथे शिकार, मासेमारी आणि रानमेवा गोळा करण्याचे हक्क त्यांनी राखले आणि ते आजही चालतात. एप्रिलच्या महिन्याचं त्यांचं एक नाव 'इस्किगामिझिगे-गीझिस', म्हणजे साखर आटवण्याचा चांद्रमास. कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो.

१७. आई-बाबा मे-जूनमध्ये येणार आहेत. त्यांना कधी न्यावं?

माझं स्पष्ट मत: मेचा तिसरा आठवडा. लून आलेले असतात, रंगीबेरंगी वॉर्बलर पक्ष्यांची झुंड चालू असते, पालवी फुटत असते आणि डास अजून वाढलेले नसतात. मेअखेरपासून चावणाऱ्या काळ्या माश्या आणि डास सुरू होतात आणि जूनमध्ये ते खरोखर असह्य होतात. गोचिड्या मात्र हिम गेल्यापासूनच असतात, त्यातल्या काहींमुळे लाइम रोग होतो. लांब पँट, मोज्यात खोचलेल्या कडा, आणि संध्याकाळी अंग तपासणं.

कनू झेपणार नसेल तरी हरकत नाही. गनफ्लिंट ट्रेलवरच्या किंवा ईलीजवळच्या एखाद्या केबिनमध्ये दोन रात्री राहिलात तरी लून ऐकू येतो. स्वेटर आणि कानटोपी मेमध्येही लागते. बाउंडरी वॉटर्सच्या आत मुक्कामाला जायचं तर १ मे ते ३० सप्टेंबर या काळात परवाना आधी राखून ठेवावा लागतो. एका गटात जास्तीत जास्त ९ माणसं, ४ होड्या. काचेच्या बाटल्या आणि डबाबंद पदार्थांचे डबे नेता येत नाहीत.

१८. मेच्या पहिल्या आठवड्यात ऊन छान असतं, २० अंश. मग कनू चालवायला काय हरकत?

हवा २० अंश, पाणी ४ अंश. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि मी दर वर्षी तितक्याच कळकळीने उत्तर देते.

एवढ्या थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा जातो आणि धाप लागून माणूस पाणी गिळतो. पुढच्या दहा मिनिटांत हातापायांतली ताकद जाते, मग उत्तम पोहणाऱ्यालाही होडीत चढता येत नाही. शरीर पूर्ण गार पडायला त्यानंतर बराच वेळ लागतो, पण लाइफ जॅकेट नसेल तर तोवर माणूस बुडालेला असतो. कृष्णेत पोहायला शिकलेलं इथे उपयोगी पडत नाही. जॅकेट अंगात घालून बंद केलेलं हवं, होडीत ठेवलेलं नव्हे. काठाकाठाने जा, मोठं तळं मधून ओलांडू नका, कोरडे कपडे जलरोधक पिशवीत ठेवा. नवखे असाल तर मेअखेरपर्यंत थांबा.

१९. बर्फ लवकर गेला तर प्राण्यांचं बरंच होत असेल ना?

काहींचं होतं, सगळ्यांचं नाही. २०१२ आणि २०२४ मध्ये मिनेसोटातल्या अनेक तळ्यांवरचा बर्फ विक्रमी लवकर गेला. उलट २०१३ मध्ये मेच्या दुसऱ्या आठवड्यात मासेमारीचा हंगाम सुरू झाला, तेव्हा उत्तरेच्या बऱ्याच तळ्यांवर बर्फ होता.

अडचण अशी की काही जीव तापमानावर चालतात आणि काही दिवसाच्या लांबीवर. स्नोशू ससा हिवाळ्यात पांढरा आणि उन्हाळ्यात तपकिरी असतो, आणि हा बदल दिवसाच्या लांबीने ठरतो. हिम लवकर गेलं तर पांढरा ससा तपकिरी पाचोळ्यावर बसलेला, लांबूनच दिसणारा. दक्षिण अमेरिकेतून निघणाऱ्या वॉर्बलरलाही इथला बर्फ गेल्याची बातमी नसते. तो दिवस पाहून निघतो आणि अळ्यांचा बहर तोवर सरून गेलेला असू शकतो.

२०. एवढ्या ओल्या रानात वसंतात वणवा कसा लागतो?

हिम गेल्यावर आणि पालवी फुटण्याआधी जमिनीवर फक्त गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत आणि पानं असतात, वर सावली नसते, वारा जोराचा असतो. मे २००७ मधला हॅम लेकचा वणवा एका शेकोटीतून सुरू झाला आणि मिनेसोटा व ऑन्टॅरिओ मिळून सुमारे ७५,००० एकर जळलं. शेकोटी विझवताना राखेत हात घालता येईल इतकं पाणी ओता. शेकोटीवर बंदी असेल तेव्हा गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा तितकाच चांगला होतो.

२१. लून घरट्यावर मान पाण्याकडे ताणून चपटा पडला होता. आजारी होता का?

नाही, तो तुम्हाला घाबरला होता. घरटं अगदी पाण्याच्या काठाला असतं आणि माणूस जवळ आला की तो असा चपटा होतो. अजून जवळ गेलात तर पाण्यात सरकेल आणि अंडी गार पडतील किंवा कावळे, गल पक्षी नेतील. अंडी सहसा दोन, उबवायला साधारण चार आठवडे, नर-मादी आळीपाळीने बसतात. तुम्ही थांबू नका, फोटोही नको, शांतपणे लांबून निघून जा.

एक अपवाद. तुम्ही कितीतरी लांब असूनही लून घरटं सोडून सारखा बुड्या मारतोय, डोकं झटकतोय, आणि अंडी उघडी पडलीत, असं दिसलं तर कारण तुम्ही नसाल. काळ्या माश्यांची एक जात खास लूनचंच रक्त पिते. ज्या मेमध्ये त्या फार असतात तेव्हा पक्षी हैराण होऊन घरटी सोडतात. काही जोड्या नंतर पुन्हा अंडी घालतात. त्यातही माणसाने काही करायचं नसतं.

२२. मूसचं किंवा हरणाचं पिल्लू एकटं सापडलं तर उचलावं का?

नाही. हरणाची आई पिल्लाला मुद्दाम एकटं लपवून ठेवते आणि दिवसातून काही वेळाच पाजायला येते. मूसची आई तर बहुधा तुमच्या मागेच कुठेतरी उभी असते (प्रश्न १३).

२३. मग लून रस्त्यावर बसलेला सापडला तर? त्यालाही हात लावायचा नाही?

इथे उत्तर वेगळं आहे. पावसात भिजलेला डांबरी रस्ता वरून पाण्यासारखा दिसतो आणि लून कधी कधी त्यावर उतरतो. जखम नसली तरी तो तिथून उडू शकत नाही, कारण त्याला पाण्यावरची धाव लागते (प्रश्न ६). तसाच ठेवला तर गाडीखाली जाईल. पण स्वतः उचलायला जाऊ नका, त्याची चोच सुरीसारखी असते आणि तो थेट चेहऱ्यावर वार करतो. गाडी बाजूला लावून इतर गाड्यांना सावध करा आणि वन्यजीव अधिकाऱ्यांना किंवा जवळच्या वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा. ते त्याला जाड टॉवेलमध्ये गुंडाळून मोठ्या तळ्यावर नेऊन सोडतात. छोटं डबकं चालत नाही, तिथून तो पुन्हा उडूच शकणार नाही.